कोर्लईची खाडी आणि गिटारच्या सहा तारा

१/१२
कुंडलिका नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे उत्तरेस रेवदंड्याचा कोट आणि दक्षिणेस कोर्लईचा डोंगरी किल्ला उभा आहे. कोर्लई गावात पोर्तुगीजमधून जन्मलेली एक बोली आजही बोलली जाते. म्हणून या किनाऱ्यावर कोणाच्या हाती गिटार दिसली की ती पोर्तुगीजांनीच मागे ठेवलेली असावी, असे सहज वाटते. कालक्रम मात्र वेगळेच सांगतो. आणि पहिली गिटार निवडून ती सुरात लावू पाहणाऱ्याला तोच कालक्रम उपयोगी पडतो.

२/१२
१५०८ साली चौलच्या समुद्रात इजिप्त व गुजरातच्या आरमारांनी पोर्तुगीजांचा पराभव केला. तरीही १५२१ मध्ये निजामशाहीच्या परवानगीने त्यांनी येथे कोट बांधण्यास आरंभ केला. १५७०-७१ चा मुर्तजा निजामशाहाचा वेढा त्यांनी परतवला आणि १५९४ मध्ये कोर्लई जिंकून घेतली. अखेर वसईच्या पाडावानंतर, १७४० साली, हा सारा मुलूख मराठ्यांच्या हाती आला.

३/१२
या दोन शतकांतील गिटार आजच्यासारखी नव्हती. सोळाव्या शतकात ती आकाराने लहान होती. तिला आतड्याच्या तारा असत आणि त्या बहुतेक जोडीने बांधलेल्या असत. अशा चारच रांगा होत्या. १५४६ मध्ये आलोन्सो मुदार्रा याने सेव्हिल येथे छापलेल्या ग्रंथात या चार रांगांच्या गिटारसाठी रचना आहेत. त्या वेळी चौलमध्ये पोर्तुगीजांना स्थिरावून पाव शतक होत आले होते.

४/१२
त्या चार रांगा कशा लावत? जाड तारेला ‘सा’ मानले, तर पुढची तार तिच्या ‘म’वर, त्या तारेला ‘सा’ मानून पुढची तिच्या शुद्ध ‘ग’वर, आणि शेवटची पुन्हा ‘म’वर. म, ग, म. आजच्या गिटारच्या बारीक चार तारांत, म्हणजे डी, जी, बी, ई यांत, अगदी हीच अंतरे आहेत. जवळजवळ पाच शतके हा सांगाडा बदललेला नाही.

५/१२
पाचवी रांग पुढे आली. १५९६ मध्ये बार्सिलोनात ख्वान कार्लोस आमात या वैद्याचे, पाच रांगांची गिटार कशी लावावी व तिच्यावर सूरसंगती कशा धराव्यात हे शिकवणारे छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले. नवशिक्यांसाठी लिहिलेल्या गिटारच्या पुस्तकांत ते अगदी आरंभीचे होय. कोर्लई पोर्तुगीजांकडे जाऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. नवी रांग जुन्या चारांच्या खाली, पुन्हा ‘म’च्याच अंतराने, बसली.

६/१२
सहावी तार अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. त्याच सुमारास जोडतारा जाऊन एकेरी तारा रूढ झाल्या. म्हणजे कोर्लईवरून पोर्तुगीज निशाण उतरले तेव्हा आजची सहातारी गिटार घडलेलीच नव्हती. पोर्तुगीजांनी मागे ठेवली ती बोली. आजची गिटार हा त्या सत्तेचा अवशेष नव्हे, ती नंतरची पाहुणी आहे.

७/१२
म्हणूनच गिटार सुरात लावणे म्हणजे इतिहासाच्या थरांवरून चालणे होय. सर्वांत बारीक तार पहिली, सर्वांत जाड सहावी. पाचवी मोकळी तार ११० हर्ट्झच्या ‘ए’वर आणावी. सहावीच्या पाचव्या पडद्यावरचा सूर पाचवीशी जुळावा. पाचवीच्या पाचव्यावरचा चौथीशी. चौथीच्या पाचव्यावरचा तिसरीशी. तिसरीच्या मात्र चौथ्या पडद्यावरचा सूर दुसरीशी जुळतो. आणि दुसरीच्या पाचव्यावरचा पुन्हा पहिलीशी. सूर नेहमी खालून वर चढवत आणावा. वरून उतरवून थांबल्यास तार पुन्हा ढिली पडते.

८/१२
मध्येच एक ‘ग’ का? सर्वत्र ‘म’चेच अंतर ठेवले, तर पहिली तार सहावीच्या दोन सप्तके वर न येता त्याहून आणखी अर्ध्या स्वराने वर जाते, आणि दोन्ही एकत्र छेडल्या की कर्कश वाटतात. एका ‘ग’मुळे दोन्ही तारा ‘ई’वरच राहतात आणि अनेक सूरसंगती एका हातात मावतात.

९/१२
तंबोऱ्यावर तयार झालेल्या कानाची परीक्षा याच जागी होते. गिटारचे पडदे सप्तकाचे बारा समान भाग करून बसवलेले असतात. अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट धरल्यास तंबोऱ्यात उमटणारा गंधार ३८६ सेंटांवर, तर गिटारचा ४०० सेंटांवर असतो. दुसरी तार कानाला गोड लागेपर्यंत उतरवली की बाकीच्या सूरसंगती बिघडतात. कान खोटा नसतो. वाद्याचा करारच वेगळा असतो.

१०/१२
आता निवड. एकोणिसाव्या शतकात स्पेनच्या आन्तोनिओ दे तोर्रेस याने गिटारचे खोड मोठे केले. आजच्या क्लासिकल गिटारचा तोच नमुना. १९४० च्या दशकात आतड्याची जागा नायलॉनने घेतली. दुसरी शाखा अमेरिकेतील. तेथे मार्टिन यांच्या कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फुलीच्या आकाराच्या आधारपट्ट्या वापरात आल्या आणि १९२० च्या दशकात पोलादी तारा रुळल्या. ‘ड्रेडनॉट’ हा रुंद खोडाचा नमुना १९१६ चा, युद्धनौकेवरून नाव मिळालेला.

११/१२
नायलॉनच्या तारा बोटांना सौम्य, पण त्यांचा दांडा रुंद. पोलादी तारांचा दांडा अरुंद, आवाज खणखणीत, पण ताण कितीतरी अधिक. म्हणून नायलॉनच्या गिटारवर पोलादी तारा कधीही चढवू नयेत, घोडी उखडते. बाराव्या पडद्यापाशी तार दोन-तीन मिलिमीटरहून फार उंच असेल, तर नवशिक्याची बोटे लवकर थकतात. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत पोलादी तारा गंजतात आणि पावसाळी दमटपणाने अखंड फळीचे खोड फुगते. तेथे थर चिकटवलेल्या लाकडाची गिटार अधिक तग धरते. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात आणि गिटार पेटीत ठेवावी.

१२/१२
कोर्लईच्या बोलीत शब्द पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखे वाक्याच्या शेवटी येते. गिटारही तशीच थराथरांनी घडली: चार तारा सोळाव्या शतकाच्या, मग पाचवी, मग सहावी. वारसा कोणी आयता ठेवून जात नाही. वापरणारे त्यात आपली तार जोडत जातात. रेवदंड्याच्या किनाऱ्यावर आज पहिल्यांदा खुंटी पिळणाऱ्या मुलीची गिटार परक्या सत्तेची उष्टी ठेव नव्हे. ती सुरात लावली की तिचीच.