भविष्याच्या गोष्टी, तेव्हाची भीती

जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' चा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "काय द्रष्टा माणूस होता!" भिंतीवरचा पडदा आपल्यावर पाळत ठेवतो, हे त्याने तेव्हा लिहिलं आणि आज खिशातला फोन तेच करतो, वगैरे. मला मात्र ती कादंबरी वाचताना १९८४ साल दिसतच नाही. दिसतं ते चाळीसच्या दशकातलं लंडन.

बघा ना. कादंबरीत चॉकलेटचं रेशन ३० ग्रॅमवरून २० वर येतं, दाढीची पाती मिळत नाहीत, शहरावर रॉकेटं पडतात. यातलं फारसं काही त्याला कल्पनेने रचावं लागलं नाही. १९४४ साली जर्मनांच्या उडत्या बॉम्बने त्याचं राहतं घर पडलं होतं. गंमत म्हणजे अख्ख्या युद्धात ब्रिटनमध्ये पाव रेशनवर नव्हता. तो आला युद्ध जिंकल्यावर, जुलै १९४६ मध्ये, आणि दोन वर्षं तसाच राहिला. याच काळात ऑर्वेल ही कादंबरी लिहीत होता. आणि सरकारी प्रचार? १९४१ ते १९४३ तो बीबीसीत बसून हिंदुस्थानातल्या श्रोत्यांसाठी कार्यक्रम करत होता. सेन्सॉरची कात्री त्याने जवळून पाहिली होती.

त्याच्या आधीच्यांचंही तेच. येवगेनी झाम्यातिन हा रशियन लेखक पेशाने जहाजांचा इंजिनिअर. १९२०-२१ च्या सुमारास त्याने 'आम्ही' लिहिली. त्यात माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत, आणि घास किती वेळा चावायचा तेही ठरलेलं. तिथे पूज्य कोण, तर कामगारांच्या हालचाली घड्याळ लावून मोजणारा अमेरिकन टेलर! झाम्यातिनच्या मायदेशात हे पुस्तक छापलं गेलं थेट १९८८ साली.

ऑल्डस हक्सलीच्या १९३२ च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये तर कालगणनाच फोर्डच्या मॉडेल टी मोटारीपासून, म्हणजे १९०८ पासून सुरू होते. तिथे कोणी उपाशी नाही. सगळे सुखात आहेत, आणि हक्सलीला भीती वाटते ती नेमकी त्याचीच.

म्हणजे भविष्य कोणीच पाहिलेलं नव्हतं. प्रत्येकाने आपल्याच खिडकीतून बाहेर पाहिलं होतं.

हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण भविष्यवाणी म्हणून वाचलं की आपण हिशेब मांडत बसतो: हे खरं झालं, ते झालं नाही, चला, सुटलो! पण या लेखकांच्या काळातल्या वाचकांना ती सूट नव्हती. पुस्तकातल्या गोष्टी त्यांच्या आजूबाजूला चालूच होत्या आणि लोक कुरकुरत का होईना, त्यांना सरावत होते. रेशनच्या रांगेत उभं राहण्याचीसुद्धा सवय होतेच की!

असो. आज कोणी अशी कादंबरी लिहायला घेतली, तर आपल्या कोणत्या सवयी तिच्यात जातील? मी यादी करायला बसलो, तर पहिल्या पाचही सवयी मला आवडणाऱ्याच निघाल्या. तुमच्या कोणत्या?