किटली, पेला आणि पहाडगंज

दारू जेथे विकली जाते त्या जागेला मराठीत गुत्ता म्हणतात. हा शब्द मुळात दारूचा नव्हे. गुत्ता म्हणजे मक्ता, इजारा. कानडीतील ‘गुत्तिगे’शी त्याचे नाते उघड आहे, आणि मराठवाड्यात रस्ते-पूल बांधणारा कंत्राटदार आजही ‘गुत्तेदार’च असतो. दारू विकण्याचा हक्क सरकारकडून ज्याने घेतला त्याचा तो गुत्ता. दिल्लीत याच जागेला ‘ठेका’ म्हणतात, आणि ठेका म्हणजेही कंत्राटच. दोन निरनिराळ्या मुलखांतल्या भाषांनी एकमेकींना न विचारता एकच गोष्ट केली: जागेला नाव दिले ते तेथे बसणाऱ्याच्या बाजूने दिले नाही, महसूल वसूल करणाऱ्याच्या बाजूने दिले. इंग्रजांचा ‘पब’ हा ‘पब्लिक हाउस’ या शब्दांचा संक्षेप आहे. त्यात निदान ‘लोक’ आणि ‘घर’ हे दोन शब्द तरी आहेत. गुत्ता आणि ठेका यांत लोकही नाहीत आणि घरही नाही. तेथे मनुष्य एकटा जातो, उभ्याउभ्या किंवा बाकावर बसून पितो आणि तोंड पुसून घरी येतो. बायकामुले आणि मित्र यांच्यासह बसून जेवणाबरोबर एखादा पेला घेण्याची सोय त्या शब्दातच नाही. ही सोय पुढे जी झाली ती कशी आणि कोणासाठी झाली, हे पाहायचे तर नवी दिल्लीच्या रेल्वे स्थानकासमोरच्या पहाडगंजाइतकी बोलकी जागा क्वचितच सापडेल.

पहाडगंज ही शहाजहानाबादच्या तटाबाहेरची, अजमेरी दरवाज्याच्या पलीकडची वस्ती. मोगल काळात तिला शहागंज म्हणत आणि धान्याचा मोठा बाजार म्हणून तिची ख्याती होती. तटाबाहेरचा बाजार हा नेहमीच येणाऱ्याजाणाऱ्यांचा असतो; तेथे मुक्काम कमी आणि वर्दळ अधिक. १९२६ च्या सुमारास अजमेरी दरवाजा आणि पहाडगंज यांच्या मध्ये रेल्वेचे लहानसे स्थानक झाले, १९३१ मध्ये नव्या राजधानीचे उद्घाटन झाले आणि १९५६ मध्ये पहाडगंजाच्या बाजूस स्थानकाची मोठी इमारत उभी राहिली. तेव्हापासून दिल्लीत प्रथमच उतरणाऱ्या असंख्य लोकांनी राजधानी पाहिली ती राजपथावरून नव्हे, पहाडगंजाच्या मेन बाजारातून. मराठी माणसाला तर ही वस्ती अधिकच ओळखीची. नूतन मराठी विद्यालय पहाडगंजातच आहे आणि दक्षिणेतून आलेल्या मराठी प्रवाशाला उतरण्यासाठी बृहन्महाराष्ट्र भवनही याच परिसरात आहे. केंद्र सरकारच्या नोकरीसाठी आलेल्या कुटुंबांची मुले येथे मराठीतून शिकली. त्यांच्या घरांतले एकत्र खाणेपिणे बहुधा गणेशोत्सवाच्या, कोजागिरीच्या किंवा स्नेहसंमेलनाच्या निमित्ताने होई. निमित्ताशिवाय, सहज म्हणून, चारचौघांत बाहेर बसणे हा त्या पिढीचा स्वभाव नव्हता.

सहज बाहेर बसण्याची रीत पहाडगंजात आली ती एका आपत्तीच्या पाठोपाठ. सप्टेंबर १९४७ मध्ये दिल्लीत जो हिंसाचार झाला त्यात करोलबाग आणि सब्जी मंडी यांच्याबरोबर पहाडगंजही होरपळून निघाले. येथल्या मुसलमान वस्तीतील लोक जीव वाचवून पुराना किल्ला आणि हुमायूनची कबर येथील छावण्यांत गेले आणि त्यांतले बहुतेक परत आले नाहीत. त्या काळात दिल्लीतून सुमारे सव्वातीन लाख मुसलमान गेले आणि पश्चिम पंजाब, सरहद्द प्रांत व सिंध येथून सुमारे पाच लाख निर्वासित आले, असे मानले जाते. रिकाम्या झालेल्या घरांत नवी माणसे राहू लागली. ज्यांची घरेच गेली होती त्यांना घराबाहेर जेवण्याचा संकोच उरला नाही, आणि ज्यांच्या हातांत दुसरे भांडवल नव्हते त्यांनी पाककौशल्य विकायला काढले. मोहल्ल्यातील सामाईक तंदूर पंजाबी खेड्यात बायकांच्या गप्पांचे ठिकाण असे. दिल्लीत तो भाड्याच्या दुकानाच्या तोंडाशी आला. दर्यागंजातील ‘मोती महल’ने तंदुरी कोंबडीला प्रतिष्ठा दिली ती याच काळात. पहाडगंजाने इतकी ऐट केली नाही. चुना मंडीत राजगुरू मार्गावर, इंपीरियल सिनेमाच्या परिसरात, ‘सीताराम दीवानचंद’ यांचे छोले-भटूरे आहेत. मार्गाचे नाव वाचून मराठी प्रवाशाला खेडच्या शिवराम हरी राजगुरूंची आठवण व्हावी, आणि मग पनीर भरलेल्या भटूऱ्याच्या पहिल्या घासाबरोबर ती थोडा वेळ बाजूला पडावी, असा तो प्रकार आहे. तेथे अख्खी कुटुंबे उंच मेजांभोवती उभी राहून खातात. आजी, सून, मुले, शेजारी, सगळी एका मेजाला. पंगतीत कोण कोणाशेजारी बसणार हे ठरलेले असते. येथे ते ठरवायला कोणाला वेळच नसतो.

पण या मेजावर पेला नव्हता. असते ती लस्सी. कुटुंब आणि मद्य यांची फारकत निर्वासितांनीही कायम ठेवली. पुरुषांनी ठेक्यावरून बाटली आणावी आणि गच्चीवर किंवा मोटारीत बसून संपवावी, हा दिल्लीचा जुना शिरस्ता. मोटारीतल्या या मैफलीला दिल्लीकरांनी ‘कार-ओ-बार’ असे नाव ठेवले आहे. कारोबार म्हणजे धंदा. कोटी बरी आहे, पण तिच्यात एक कबुलीही आहे. बसायला जागा नाही म्हणून मनुष्य मोटारीत बसतो. आणि मोटारीत बायकामुलांना घेऊन कोणी पीत बसत नाही.

पेला मेजावर आणला तो परक्यांनी. १९६० नंतरच्या दशकात इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर असा खुष्कीचा प्रवास करीत युरोप-अमेरिकेतील तरुणांचे तांडे दिल्लीत येऊ लागले आणि पुढे काठमांडूला किंवा गोव्याला जाऊ लागले. स्थानक जवळ, खोल्या स्वस्त, म्हणून ते हळूहळू पहाडगंजात स्थिरावले. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेर सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरले आणि तो खुष्कीचा मार्ग बंद पडला. परंतु प्रवासी विमानाने येत राहिले. जानेवारी १९९२ मध्ये भारत आणि इस्रायल यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले, तेव्हा लष्करी सेवा संपवून भटकायला निघालेल्या इस्रायली तरुणांची त्यांत भर पडली आणि मेन बाजारात हिब्रू लिपीतल्या पाट्या दिसू लागल्या. या लोकांना खोलीच्या भाड्याइतकीच बसण्याच्या जागेची गरज होती. पत्र लिहायला, नकाशा उलगडायला, कालच भेटलेल्या माणसाबरोबर तास दोन तास घालवायला. म्हणून लॉजांच्या गच्च्यांवर मेजे आणि वेताच्या खुर्च्या आल्या, केळ्याची धिरडी आणि अंड्याचे नाना प्रकार आले. आणि बिअर आली, ती चहाच्या किटलीतून. परवाना नसलेल्या उपाहारगृहात बिअर किटलीत ओतून, बरोबर कप-बशा ठेवून देण्याची ही युक्ती भारतातील प्रवासी वस्त्यांत सर्वत्र ठाऊक आहे. अबकारीच्या शिपायाने गच्चीवर पाहिले तर त्याला चहापानच दिसावे.

मराठी वाचकाला ही किटली पाहून दुसरा एक चहा आठवल्याशिवाय राहणार नाही. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने जमलेल्या मंडळींपुढे मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटे ठेवली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक दोघेही तेथे होते. गोपाळराव जोशी यांनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात प्रसिद्ध करविली आणि पुण्यात ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, बहिष्काराची भाषा झाली. अखेर रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांपैकी अनेकांना ते लागले. त्या दिवशी कोणी मद्य घेतले नव्हते. साधा चहा होता. गुन्हा पेयाचा नव्हताच, तो कोणाच्या घरी आणि कोणाच्या हातून घेतला याचा होता. पुण्यात चहा लपवावा लागला आणि शंभर वर्षांच्या आत पहाडगंजात चहाचेच सोंग घेऊन दुसरे पेय लपवावे लागले. किटली तीच, पंच मात्र बदलले. धर्मपीठाच्या जागी सरकार आले.

सरकार पंचाच्या जागी बसले म्हणजे काय होते याचा अनुभव मुंबईने सर्वांत विस्ताराने घेतला आहे. शहरात दारूबंदीचा पहिला प्रयोग १ ऑगस्ट १९३९ रोजी सुरू झाला आणि स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्यानुसार, एप्रिल १९५० पासून साऱ्या मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी लागू झाली. पिणाऱ्याला परवाना हवा, आणि परवान्यासाठी प्रकृतीचे कारण हवे. म्हणजे धडधाकट मनुष्याने पेला उचलण्यापूर्वी स्वतःला रोगी ठरवून घ्यावे, अशी ती व्यवस्था. तिचा एक परिणाम कायदा करणाऱ्यांच्या स्वप्नातही नसेल. दारू गुत्त्यातून उठून घरात गेली. ‘आंटी’चा अड्डा म्हणून मुंबईत जो प्रकार रुजला, तो प्रत्यक्षात एखाद्या बाईचे राहते घर असे. बाहेरच्या खोलीत दोन बाके, बशीत चणे किंवा उकडलेले अंडे, पडद्याआड तिची मुले अभ्यास करताहेत आणि कोपऱ्यात मेरीच्या तसबिरीपुढे दिवा. ‘पब्लिक हाउस’ या शब्दाला शब्दशः उतरलेली जागा मुंबईत कधी असेल तर ती हीच, आणि ती बेकायदा होती. हातभट्टीच्या विषारी दारूने माणसे मेली हेही त्याच काळातले सत्य आहे. त्या घरांचे कौतुक करताना ते विसरता येत नाही.

पुढे बंदी सैल झाली, ‘परमिट रूम’ आल्या. इराण्याच्या हॉटेलात जशी पडद्याची ‘फॅमिली रूम’ असे, तशी पाटी अनेक परमिट रूमांच्या जिन्यावरही लागली. खाली पुरुष, वर ‘फॅमिली’. कुटुंबाला आत घेतले, पण वेगळ्या मजल्यावर. गोव्यात तावेर्नाच्या मालकाची बायकोच ग्लास भरत असे आणि त्यात कोणाला वावगे वाटत नसे. सह्याद्रीच्या एका बाजूला जे लाजिरवाणे ते दुसऱ्या बाजूला नित्याचे, याचा उलगडा केवळ धर्माने होत नाही. दोन राजवटींच्या अबकारी दफ्तरांतही तो शोधावा लागतो.

दिल्लीच्या दफ्तरात १९१४ चा पंजाब अबकारी कायदा दीर्घकाळ चालत होता. त्याच्या ३० व्या कलमाने, जेथे लोक मद्य पितात अशा जागेत कोणत्याही स्त्रीला आणि २५ वर्षांखालील पुरुषाला नोकरीस ठेवण्यास मनाई केली होती. हॉटेल व्यवस्थापनाचे रीतसर शिक्षण घेतलेल्या मुलींना राजधानीत नोकरी नाकारणारे हे कलम दिल्ली उच्च न्यायालयाने २००६ मध्ये रद्द ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये, ‘अनुज गर्ग’ खटल्यात, तो निकाल कायम केला. स्त्रीचे रक्षण करायचे म्हणून तिला दाराबाहेर ठेवणे हे रक्षण नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे. रंजकता अशी की, त्याच काळात, २००५ मध्ये, महाराष्ट्राने बारमधील नृत्यावर बंदी घातली होती आणि तेथेही शब्द ‘रक्षण’ हाच होता. ती बंदीही पुढे सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही.

पहाडगंजाच्या गच्च्यांवर दिल्लीकर स्वतः येऊ लागले ते याच वर्षांत. २९ ऑक्टोबर २००५ च्या संध्याकाळी, दिवाळी दोन-तीन दिवसांवर आली असताना, मेन बाजारात बॉम्बस्फोट झाला. त्याच संध्याकाळी सरोजिनीनगर आणि गोविंदपुरी येथेही झाले. तिन्ही ठिकाणी मिळून साठांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. सणाची खरेदी करून कोठेतरी चार घास खावेत म्हणून निघालेली ती माणसे होती. अशा गोष्टीनंतर बाजार वर्ष-सहा महिने सुना पडावा. पण ३१ डिसेंबर २००५ रोजी मेट्रोची निळी मार्गिका सुरू झाली आणि बाजाराच्या पश्चिम टोकाशी रामकृष्ण आश्रम मार्ग हे स्थानक आले. लांबच्या वसाहतींतील विद्यार्थी, पहिल्या पगाराची मुलेमुली आता थोड्या पैशात येथे पोहोचू लागली. परक्यांसाठी मांडलेली मेजे त्यांनी ताब्यात घेतली. २००९ मध्ये ‘देव डी’ चित्रपटाने पहाडगंज निळ्या-लाल दिव्यांत दाखवले. खऱ्या पहाडगंजाचे दिवे त्याहून साधे, पांढरे आणि डोळ्यांवर येणारे असतात. परवाना घेतलेली मद्यगृहे वाढली, किटल्या पुन्हा चहाच्या झाल्या. मुली मुलांबरोबर बसू लागल्या, आणि कधी नुसत्या मुलीच.

वडिलांनी मुलासह बसावे का, हा प्रश्न मात्र कायद्यात अडकून आहे. दिल्लीत मद्यपानाचे वय २५ आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये लागू झालेल्या अबकारी धोरणाच्या निमित्ताने ते २१ करण्याचे जाहीर झाले होते. मूळ कायदा बदलला नाही, ते धोरणही मागे घेतले गेले आणि १ सप्टेंबर २०२२ पासून ठेके पुन्हा सरकारी महामंडळांकडे आले. मतदानाला १८, मुलाच्या विवाहाला २१, लोकसभेच्या उमेदवारीला २५ आणि बिअरच्या पेल्यालाही २५, असे हे गणित आहे. मेन बाजारातल्या एखाद्या गच्चीवर कुटुंब बसते तेव्हा वाढपी थोरल्या मुलाकडे एकदा निरखून पाहतो, ओळखपत्र मागतो आणि ते नसेल तर न विचारताच त्याच्यापुढे ताजे लिंबू-सोडा आणून ठेवतो.