‘पास’ आणि ‘नापास’ : एका इंग्रजी क्रियापदाचा मराठी संसार

परभाषेतून मराठीत आलेल्या नामांची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. क्रियापदांकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. टेबल, पेन्सिल, स्टेशन ही नामे त्या त्या वस्तूंबरोबर आली. क्रियापद येते ते एखादा व्यवहार बरोबर घेऊन येते. ‘पास’ हे असेच एक क्रियापद होय.

मूळ लॅटिन ‘पासुस’ म्हणजे पाऊल. त्यावरून फ्रेंचमध्ये व तेथून इंग्रजीत हे क्रियापद आले. पाऊल टाकून पुढे जाणे हा त्याचा मूलार्थ. इंग्रजीत माणूस रस्त्याने ‘पास’ होतो, काळ ‘पास’ होतो, कायदा ‘पास’ होतो, जेवणाच्या टेबलावरील मीठही ‘पास’ होते. मराठीने यातले निवडक तेवढेच घेतले. रस्त्याने जाणाऱ्यासाठी व मीठ मागण्यासाठी आपली क्रियापदे पुरेशी होती. परीक्षा, ठराव, बिल हे व्यवहार मात्र ज्या रूपात आले ते रूपच नवे होते. म्हणून त्यांच्यासाठी शब्दही आला. पुढे खेळाडू चेंडू ‘पास’ देऊ लागले, आगगाडीचा ‘पास’ खिशात आला आणि रिकामा वेळ घालविण्यास ‘टाइमपास’ हे नाव मिळाले.

परीक्षेचा अर्थ रुजविण्याचे श्रेय बव्हंशी विद्यापीठांना द्यावे लागेल. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. १८६२ साली त्याचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले. ते चौघे म्हणजे रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक. आमच्या हैदराबादेत १८८७ साली निघालेले निजाम कॉलेज मद्रास विद्यापीठाला जोडलेले होते. म्हणजे येथेही परीक्षेची भाषा इंग्रजीच. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झाले आणि इंग्रजी ‘पास’शेजारी फारसी वळणाचा ‘कामयाब’ येऊन बसला. इच्छित कार्य ज्याला साधले तो कामयाब. मराठीचा संस्कृत शब्द ‘उत्तीर्ण’. त्याचा अर्थ तरून पलीकडे गेलेला. एकाच यशाची ही तीन चित्रे आहेत : इंग्रजीत पाऊल, फारसीत साध्य, संस्कृतात नदी.

आम्ही राहतो त्या नारायणगुड्यात मराठी, तेलुगू व उर्दू या तिन्ही भाषा एकाच फुटपाथावर कानी पडतात. न्यायमूर्ती केशवराव कोरटकर यांच्या स्मरणार्थ १९४० साली याच भागात शाळा निघाली. अशा वस्तीत ‘पास’ हा उच्चार ऐकला म्हणजे क्षणभर थांबावे लागते. उर्दूतील ‘मेरे पास’मधला पास संस्कृत ‘पार्श्व’पासून आलेला, आमचे ‘पाशी’ आणि ‘पासून’ हे त्याचेच भाऊबंद. ‘पासबान’ म्हणजे पहारेकरी. त्यातला पास फारसी. तिसरा पास इंग्रजी. तिघांचे कूळ वेगळे, चेहरा एक.

आता व्याकरणाकडे वळू. फारसीतील ‘गुजर’ म्हणजेही पलीकडे जाणे. त्याला मराठीने आपला ‘णे’ लावून ‘गुजरणे’ केले, ‘गुजराण’ही घरात आणली. ‘पासणे’ मात्र कोणी म्हटले नाही. आपण ‘पास होणे’ व ‘पास करणे’ म्हणतो. तेलुगूभाषकही ‘पास अय्याडु’ म्हणजे ‘पास झाला’ असेच म्हणतात. या रचनेचा एक लाभ आहे. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा ‘पास’ करतो आणि परीक्षकही विद्यार्थ्याला ‘पास’ करतो; क्रियापद दोघांना एकच. मराठीत मुलगा पास होतो, परीक्षक त्याला पास करतो. कर्तृत्व कोणाचे, हे आपली भाषा स्पष्ट सांगते.

परंतु मराठीची खरी स्वतंत्र निर्मिती ‘नापास’ ही आहे. नापसंत, नाराज, नालायक या शब्दांतील फारसी ‘ना’ इंग्रजी ‘पास’ला जोडून हा शब्द घडला. हिंदीने ‘फेल’ उचलला. आपण मात्र दोन परक्यांचा विवाह लावून दिला. शब्द सुटसुटीत आहे, आणि तेच त्याचे संकट आहे. ‘गणितात नापास झाला’ ही एका दिवसाची घटना. ‘नापास मुलगा’ म्हटले की घटनेचा गुण होतो आणि तो मुलाला चिकटतो. ‘नालायक’च्या पंक्तीत बसल्यामुळे त्या शब्दाला तसाच वासही लागला आहे.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवण्यास मनाई केली. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीसाठी ती मुभा राज्यांना पुन्हा दिली. कोणता मार्ग हितकर, याविषयी शिक्षकांत मतभेद आहेत व राहतील. आमचे म्हणणे एवढेच की, निकालाचा नियम सरकार ठरवील, पण निकालाची भाषा आपल्या हाती आहे. ‘अनुत्तीर्ण’ हा शब्द लांब व पुस्तकी खरा. तथापि त्यात नदी अजून समोर आहे आणि मुलगा काठावर उभा आहे. जो अद्याप तरून गेला नाही तो उद्या जाईल, ही शक्यता त्या शब्दात शिल्लक राहते. प्रगतिपुस्तकावर शेरा लिहिताना ‘नापास’ हे विशेषण म्हणून न वापरता विषय व वर्ष सांगून क्रियापदासह वापरावे, एवढे पथ्य पाळले तरी या परक्या पाहुण्याचा मराठी संसार निर्दोष होईल.