तळटीप : युनियनची उमेदवारी

* लेखकाच्या या 'उमेदवारी'ने आपल्याकडचा स्टायपेंडवर राबणारा आयटीआयचा मुलगा डोळ्यांपुढे येईल. तो बाजूला ठेवावा. अमेरिकेत वीजकामगारांची आयबीईडब्ल्यू ही संघटना (स्थापना सेंट लुईस, १८९१) आणि कंत्राटदारांची नेका ही संस्था १९४१ पासून संयुक्त समितीमार्फत ही उमेदवारी चालवतात. आधी बीजगणित व उताऱ्याच्या आकलनाची परीक्षा, मग मुलाखत. निवड झाली की साधारण पाच वर्षे, सुमारे ८,००० तास साइटवरचे काम, वर्ग वेगळे. पगार पहिल्या दिवसापासून, करारात लिहिलेला : तयार कारागिराच्या निम्म्याच्या आसपास सुरू होऊन टप्प्याटप्प्याने चढणारा. काम मात्र सुरुवातीला हमालीचेच. पाइप वाकवा, वायर ओढा. पॅनेल उघडण्यापूर्वी सप्लाय बंद करून तिथे स्वतःचे कुलूप लावायचे, किल्ली स्वतःच्याच खिशात, आणि तरी टेस्टर लावून पाहायचे, हे तेव्हाच अंगवळणी पाडतात. आपल्या १९६१च्या अप्रेंटिस कायद्यानुसार उमेदवार हा प्रशिक्षणार्थी, कामगार नव्हे. म्हणून लेखकाचा पगारवाढीचा आग्रह आपल्या वाचकाला उर्मट वाटू शकतो. तो करारातला हक्क आहे. — संपा.