तट पाडणारी समिती आणि घरें राखणारी समिती

मुंबईच्या इतिहासांत दोन समित्या लक्षांत ठेवण्यासारख्या आहेत. एक शहराचा तट पाडण्यासाठीं नेमली गेली. दुसरी, तिच्यानंतर सुमारे एकशें तीस वर्षांनीं, शहरांतील जुन्या इमारती राखण्यासाठीं. पहिलीचें नांव आज कोणाच्याही ओठांवर नाहीं. दुसरीचें नांव वर्तमानपत्रांतून अधूनमधून वाचावयास मिळतें, तेंही बहुधा एखाद्या घरमालकाच्या तक्रारीच्या निमित्तानें. आम्ही पडलों इतिहासाचे अध्यापक. तेव्हां पाडणाऱ्यांस दोष द्यावा आणि राखणाऱ्यांचे गोडवे गावे, अशीच आमच्याकडून अपेक्षा असणार. परंतु प्रकरण इतकें सरळ नाहीं, आणि त्यांत आमचाही थोडा अपराध आहे. तो त्याच्या स्थळीं सांगूं.

सर बार्टल फ्रिअर हे 1862 सालीं मुंबईचे गव्हर्नर झाले, तेव्हां फोर्टाभोंवतीं तट होता, खंदक होता, आणि अपोलो, चर्च व बझार अशा तीन वेशी होत्या. तटाचा लष्करी उपयोग केव्हांच संपला होता. आंत वस्तीची दाटी, हवेची कोंडी. बाहेर मात्र मोकळें मैदान. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाचा पैसा शहरांत पुराच्या पाण्यासारखा वाहत होता. फ्रिअरसाहेबांनीं तट काढून टाकण्यासाठीं समिती नेमली आणि पांचसहा वर्षांच्या आंत शहर उघडें झालें. त्या मोकळ्या झालेल्या जागेंत मैदानाच्या कडेनें सचिवालय, विद्यापीठ, हायकोर्ट यांची रांग उठली. प्रेमचंद रायचंद शेटजींनीं आपल्या मातोश्रींच्या नांवें बांधविलेला राजाबाई मनोरा 1878 सालीं पुरा झाला, आणि स्टीव्हन्सनें आंखलेलें बोरीबंदर 1888 सालीं. तटाचा एक तुकडा सेंट जॉर्ज इस्पितळाजवळ अद्याप उभा आहे. चर्चगेटाची तर केवळ संज्ञा उरली, आणि रोज लाखों लोक ती वेस कशी होती याचा विचारही न करतां तिच्यांतून जातात येतात.

सांगावयाचें इतकेंच कीं, आज ज्या इमारतींसाठीं आपला जीव तुटतो त्या एका जुन्या बांधकामाच्या पाडावावर उभ्या आहेत. जुनें तें सर्व राखावें असें म्हणणारा गृहस्थ 1862 सालीं असता तर त्यानें तटाच्या बाजूनें मत दिलें असतें, आणि मग ना विद्यापीठ, ना मनोरा. म्हणून काय राखावें हा निवडीचा प्रश्न आहे. आणि निवड म्हटली कीं ती कोणीतरी करावयाची, कोणत्यातरी नियमानें करावयाची.

हा नियम आपल्याकडे फार उशीरा आला. लॉर्ड कर्झनच्या कारकीर्दींत 1904 सालीं प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर 1958 सालीं त्याची जागा नव्या कायद्यानें घेतली. परंतु या कायद्यांची दृष्टि लेण्यांवर, देवळांवर, किल्ल्यांवर, म्हणजे जेथें माणसें राहत नाहींत अशा वास्तूंवर. ज्या घरांत चूल पेटते, दोरीवर कपडे वाळतात आणि जिन्यांत सायकल उभी असते, तें घर या कायद्याच्या हिशेबीं नव्हतेंच. ही उणीव मुंबईनें प्रथम भरून काढली. नगररचनेच्या 1966 च्या कायद्याचा आधार घेऊन एप्रिल 1995 मध्यें बृहन्मुंबईसाठीं वारसा नियमावली मंजूर झाली, सहाशेंहून अधिक इमारती व परिसर यांची यादी प्रसिद्ध झाली, आणि वारसा संवर्धन समिती अस्तित्वांत आली. शहरांतील नांदत्या इमारतींस अशा रीतीनें कायद्याचें कवच देणारें हें देशांतील पहिलेंच शहर.

समितीची रचना आमच्या मतें विचारपूर्वक केलेली आहे. अध्यक्षस्थानीं सेवानिवृत्त वरिष्ठ अधिकारी, आणि सभासदांत वास्तुशास्त्रज्ञ, बांधकामाचा अभियंता, पर्यावरणाचा जाणकार आणि शहराच्या इतिहासाचा अभ्यासक. (इतिहासाच्या माणसास सरकारी कामांत जागा मिळाल्याचें दुसरें उदाहरण आम्हांस चटकन् आठवत नाहीं.) यादींतील इमारतींचे तीन दर्जे. पहिल्या दर्जाच्या वास्तूस अत्यंत आवश्यक दुरुस्तीवांचून हात लावावयाचा नाहीं. दुसऱ्या दर्जाच्या वास्तूंत आंतून बेताचे फेरफार करतां येतात. तिसऱ्या दर्जाचीं घरें एकेकटीं थोर नसतात, पण त्यांच्यामुळें गल्लीस गल्लीपण येतें, म्हणून त्यांस सवलत अधिक. मालकास यांपैकीं कशांतही बदल करावयाचा झाल्यास त्याचा अर्ज महापालिका आयुक्तांकडे जातो, आणि आयुक्त समितीचा अभिप्राय मागवितात. येथें एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. समिती सल्ला देते. आज्ञा देत नाहीं. तिचा सल्ला अव्हेरावयाचा तर आयुक्तांनीं तसें अपवाद म्हणून, कारणें लिहून करावें, एवढाच तिचा अधिकार. ज्यांस हा अधिकार तुटपुंजा वाटतो त्यांनीं कारणें लिहून ठेवण्याचा धाक सरकारी कचेरींत केवढा असतो, हें एकदां पाहून यावें.

पण भिंत राखण्यास पैसा लागतो, आणि तो समितीपाशीं नाहीं. या ठिकाणीं मुंबईची खरी गांठ आहे. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यानें 1 सप्टेंबर 1940 चें भाडें हेंच प्रमाण धरलें. महायुद्धानंतरच्या टंचाईंत भाडेकरूचें रक्षण करण्यासाठीं तें योग्यही होतें. पण काळ गेला, पिढ्या सरल्या, आणि भाडें जेथल्या तेथें राहिलें. 1999 च्या नव्या कायद्यानें दरसाल शेंकडा चार वाढ दिली, तोंवर गिरगांवांतील चाळमालकाच्या हातीं महिन्याकांठीं येणारी रक्कम एका खिडकीची दुरुस्ती करण्यासही पुरत नव्हती. मालक घराकडे पाहीनासा झाला; भाडेकरू म्हणे, घर माझें कोठें आहे? 1969 सालापासून उपकर घेऊन दुरुस्ती करण्याचें काम सरकारी मंडळाकडे आलें. त्यानें टेकू पुष्कळ लाविले.

याचा परिणाम पाहावयाचा तर काळाघोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलाकडे पाहावें. त्याचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडांत तयार होऊन जहाजानें आला. 7 जुलै 1896 रोजीं ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा आपल्या देशांतील पहिला खेळ येथेंच झाला. पुढें हॉटेल जाऊन वकिलांच्या कचेऱ्या आल्या, खोल्यांच्या खोल्या पडल्या. वारसायादींत इमारतीस दुसऱ्या दर्जांतील वरचें स्थान मिळालें. पण स्थान मिळाल्यानें गंज थांबत नाहीं. 2005 सालीं सज्जाचा भाग कोसळला, जगांतील धोक्यांतल्या शंभर वास्तूंत तिची गणना झाली, आणि 2019 सालीं ती रिकामी करविण्यांत आली. याच्या उलट भायखळ्याचें भाऊ दाजी लाड संग्रहालय. 1872 सालीं उघडलेली ही वास्तु पार मळून गेली होती. 2003 ते 2008 या काळांत तिचें पुनरुज्जीवन झालें आणि युनेस्कोचें सर्वोच्च पारितोषिक तिला मिळालें. पण तेथें मालक महापालिका, पैसा देणारी खाजगी संस्था सोबतीला, आणि भाडेकरू म्हणजे मातीच्या मूर्ति व प्रतिकृति. त्यांची गळतीबद्दल तक्रार नाहीं कीं पागडीबद्दल तंटा नाहीं.

आतां आमच्या अपराधाकडे वळूं. 2012 च्या पावसाळ्यांत यादींत नव्यानें घालावयाच्या शेंकडों इमारती व परिसर प्रसिद्ध झाले. त्यांत शिवाजी पार्कचा परिसर होता, दादरची हिंदु कॉलनी होती. तोंवर वारसा म्हणजे हायकोर्ट, बोरीबंदर, साहेबाचे क्लब. त्यांस कोणी हात लावूं नये यावर आम्हां मध्यमवर्गीयांचें एकमत होतें. यादी आमच्या दारांत आली आणि एकमत मोडलें. घरोघर सभा झाल्या, सह्यांचीं पत्रकें फिरलीं. आम्ही तेव्हां त्याच भागांतील 1930 नंतरच्या दशकांतल्या एका तीन मजली घरांत राहत होतों. गोलाई दिलेले सज्जे, जिन्याच्या कठड्याला लोखंडी लाटांची नक्षी, तळमजल्यावर हिरवी-पांढरी फरशी. उद्वाहन नव्हतें. तिसऱ्या मजल्यावरच्या वृद्ध काकू दोन वर्षें खालीं उतरल्या नव्हत्या. पावसाळ्यांत त्यांच्या छतास बादल्या लावाव्या लागत. घर पाडून नवें बांधणारा व्यावसायिक उद्वाहन देणार होता, जागा वाढवून देणार होता. हें खोटें नव्हतें.

शेजाऱ्यांनीं आक्षेपपत्र लिहिण्याचें काम आमच्याकडे दिलें. "सर, तुमची भाषा चांगली." आम्हीं तें लिहिलें. सत्तर-पंच्याहत्तर वर्षांचें घर म्हणजे इतिहास नव्हे, असें त्यांत आम्हींच प्रतिपादन केलें. आणि त्याच आठवड्यांत वर्गांत, 1896 च्या प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनें दादर-माटुंग्याची वसाहत कशी आंखली आणि अवंतिकाबाई गोखल्यांच्या आग्रहावरून 1927 सालीं माहीम पार्कचें शिवाजी पार्क कसें झालें, हा पाठ शिकविला. विद्यार्थ्यांस त्यांत कांहीं विसंगति दिसली नाहीं. आम्हांसही, खरें सांगावयाचें तर, तेव्हां दिसली नाहीं.

पुढें 2018 सालीं युनेस्कोनें मुंबईच्या गॉथिक व आर्ट डेको इमारतींचा समूह जागतिक वारशांत घेतला. एकंदर चौऱ्याण्णव इमारती. त्यांत ओव्हलच्या पश्चिमेच्या आणि मरीन ड्राइव्हच्या पुष्कळ. घडण आमच्या घरासारखीच, काळही तोच. त्या भागांतील रहिवाशांच्या संस्थांनीं या कामासाठीं वर्षानुवर्षें खटपट केली होती. त्यांची रसिकता अधिक आणि आमची कमी, असें म्हणून हा विषय संपविण्यास आम्ही तयार नाहीं. त्यांच्या घरांत उद्वाहन होतें. ज्याचें छत गळत नाहीं त्यास सज्ज्याची गोलाई निवांतपणें पाहतां येते. समितीनें दादरास यावयाचें तर यादीबरोबर दुरुस्तीचा पैसाही घेऊन यावयास हवा होता. विकासहक्क दुसरीकडे विकण्याची सवलत नियमांत होती. पण भाडेकरूंनीं भरलेल्या घरांत ती कोणी, कोणासाठीं वापरावी, हें आम्हांस कोणी समजावून सांगितलें नाहीं, आणि आम्हींही कोणास विचारलें नाहीं.

आमचें घर पडलें. तेथें आतां उंच इमारत आहे, उद्वाहनें दोन आहेत. काकूंना मात्र तीं लाभलीं नाहींत. नवी इमारत पुरी होण्यापूर्वींच त्या गेल्या.

गेल्या वर्षीं वास्तुशास्त्राची एक विद्यार्थिनी वही घेऊन आमच्याकडे आली. दादरमधील त्या काळच्या, आतां नाहींशा झालेल्या घरांच्या जिन्यांची ती नोंद करीत होती. कठड्याच्या लाटा किती होत्या, तीन कीं पांच, असें तिनें विचारलें. आम्ही त्या जिन्यानें पंचवीस वर्षें चढलों उतरलों होतों. आम्हांस सांगतां आलें नाहीं. जुन्या शेजाऱ्यांस दूरध्वनि केले. एक म्हणाले तीन, दुसरे म्हणाले चार, आणि तिसऱ्यांस कठडा लाकडी असल्याचें स्मरत होतें. छायाचित्रें शोधलीं. लग्नाचीं, मुंजींचीं, पहिल्या नंबराच्या बक्षिसांचीं पुष्कळ निघालीं. सर्वांत माणसें पुढें आहेत आणि जिना त्यांच्या मागें झांकला गेला आहे.