ब्लाय
१. ब्लाय : लेखकाने हे नगर गारोन नदीच्या काठी असल्याचे म्हटले आहे, वस्तुतः गारोन व दोर्दोन्य यांचा संगम नगराच्या वरच्या अंगाला होऊन पुढे जी विस्तीर्ण जिरोंद खाडी बनते, तिच्या उजव्या तीरावर ते वसले आहे. बोर्दोच्या द्राक्षमद्याची गलबते ज्या मार्गाने समुद्राकडे जात, त्याच मार्गाने शत्रूचे आरमार आत शिरू नये म्हणून चौदाव्या लुईच्या कारकीर्दीत, १६८५ ते १६८९ या काळात, वोबाँ या दुर्गविशारदाच्या देखरेखीखाली येथील दुर्ग सिद्ध झाला. आणि पैलतीर तोफांच्या टप्प्याबाहेर असल्यामुळे मधल्या बेटावर पाते व समोर मेदॉक असे दोन उपदुर्ग बांधून खाडीचा बंदोबस्त पुरा करण्यात आला. १६७५ साली बंड करून उठलेल्या बोर्दो शहरावर जरब बसविण्याचाही त्यात हेतू होता. लेखक, बहुधा द्राक्षमळ्यांच्या वर्णनात रमल्यामुळे, त्याविषयी मौन पाळतो. या बांधकामापायी, रोलाँ या वीराचे दफनस्थान म्हणून पूज्य मानलेले साँ रोमाँचे प्राचीन प्रार्थनामंदिर जमीनदोस्त झाले. पुढे १८३२ मध्ये राजद्रोहास्तव पकडलेली, पदच्युत बूर्बाँ घराण्याची विधवा सून बेरीची डचेस येथे कैदेत असता प्रसूत झाली व तिच्या पक्षाची उरलीसुरली पत गेली.