आगाशी : वाडी, आगगाडी आणि वस्ती

आगाशी हे नाव आज श्री मुनिसुव्रतस्वामींच्या तीर्थामुळे सर्वदूर परिचित आहे. तथापि सोळाव्या शतकाच्या प्रारंभी ते इमारती लाकडाचा व्यापार करणारे संपन्न बंदर म्हणून ओळखले जात होते. 1530 व 1531 अशी लागोपाठ दोन वर्षे पोर्तुगीजांनी ते लुटले. पुढे त्यांच्याच अमलात, 1540 मध्ये, थेट युरोपपर्यंत जाऊ शकेल असे जहाज येथे बांधले गेले. थोडक्यात, बाहेरच्या जगाशी व्यवहार ही या गावाला नवी गोष्ट नव्हे. बदलत गेला तो व्यवहाराचा माल.

1901 च्या खानेसुमारीत आगाशीची लोकसंख्या साडेआठ हजारांच्या आसपास होती. त्या काळच्या मानाने हे मोठे गाव, आणि त्याचे पोट होते वाडीवर. विहिरीच्या पाण्यावर केळी, पानवेल, भाजी व फुले पिकत. शेजारी अर्नाळ्यास मासेमारी आणि सभोवती भातशेती. ठाणे जिल्ह्यातील उत्तम सुकेळी आगाशीची, अशी नोंद इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरनेही केली आहे. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात अनेक दिवस वाळवावयाची, रोज उलटावयाची, दव पडण्यापूर्वी आत घ्यावयाची, आणि शेवटी केळीच्याच सुक्या पानांत बांधावयाची. एका घडामागे घरातील सर्व माणसांचे हात लागत. लागवड, शिंपण, तोडणी, बांधणी, वाहतूक अशी रोजगाराची साखळी गावातच पूर्ण होई, आणि बाजारपेठेतील कापड व किराणा दुकानांची उधारीही वाडीच्या हंगामावरच फिटे.

12 एप्रिल 1867 रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली. दिवसाला एक गाडी जाई व एक येई. आगाशीहून विरार स्टेशन साडेतीन मैल. बैलगाडीने माल तेथवर न्यावा व पुढे आगगाडीने धाडावा, असा क्रम सुरू झाला. 1936 मध्ये विजेची गाडी विरारपर्यंत आली. तरीही दीर्घकाळ गाडीने येथून प्रामुख्याने मुंबईकडे नेला तो वाडीचा माल. माणसांचे लोंढे नंतरचे.

हा प्रवाह फिरला तो मुंबईतील घरांच्या किमतींमुळे. 2001 च्या जनगणनेत नालासोपाऱ्याची लोकसंख्या सुमारे 1 लाख 85 हजार, विरारची सुमारे 1 लाख 19 हजार होती. वसई व नवघर-माणिकपूर धरून चारही नगरपरिषदांची बेरीज पावणेपाच लाखांच्या आत राहते. 2011 मध्ये वसई-विरार महानगरपालिकेची लोकसंख्या 12 लाख 22 हजार भरली. या आकड्यात गावेही आली असल्याने दोहोंची सरळ तुलना करणे हिशेबास धरून होणार नाही. परंतु वाढ प्रचंड आहे, हे नाकारता येत नाही. वालीव, सातिवली, गोखिवरे येथील लघुउद्योगांनी अनेकांना काम दिले हे खरे, पण इतक्या वस्तीस ते कसे पुरावे? घर येथे आणि नोकरी मुंबईत, हाच बहुसंख्यांचा संसार झाला. कारखान्यामागून वस्ती येते, असा सर्वसाधारण अनुभव. येथे वस्ती आली ती स्वस्त घरामागून.

नव्या इमारतींना पाणी हवे होते. वाड्यांच्या विहिरी उपसून टँकर भरले जाऊ लागले आणि समुद्रालगतच्या विहिरी खाऱ्या होण्याचे भय निर्माण झाले. खाऱ्या पाण्यावर पानवेल जगत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने दिलेला लढा या भूमिकेतून पाहिला पाहिजे. तो झाडांसाठी होता तितकाच रोजगारासाठीही होता.

3 जुलै 2009 रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली व त्याबरोबर गावांचा विरोधही पेटला. 2011 मध्ये शासनाने 29 गावे वगळण्याचा निर्णय घेतला. त्यांत आगाशी होती. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. दरम्यान 2014 मध्ये पालघर जिल्हा निर्माण झाला, आणि 2024 मध्ये शासनाने ही गावे महानगरपालिकेतच ठेवण्याचा निर्णय केला.